पॉम्पेई पाहायला निघालात? आधी गुडघ्यांना विचारा

वाचकहो, वारीला निघणाऱ्यांनी पायांची काळजी कशी घ्यावी, देवीच्या डोंगरावर चढताना छातीत धडधडले तर काय करावे, असे विषय या सदरात नेहमीच येतात. आजची वाट जरा लांबची आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले-मुली आज जर्मनी, हॉलंड, इंग्लंडात नोकरीला आहेत. मग एक दिवस साठी-सत्तरीतले आईवडील दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पोराकडं चाललोय. तो इटली दाखवणार आहे. तेवढं फिट असल्याचं सर्टिफिकेट द्या."

इटली म्हटले की रोम येते, व्हेनिस येते आणि बहुधा पॉम्पेईही येते. सहलीच्या कागदावर 'पॉम्पेई, अर्धा दिवस' एवढीच ओळ असते. त्या ओळीत किती चालणे आहे, किती ऊन आहे आणि किती उंचसखल दगड आहेत, हे त्या कागदावर कोणी लिहीत नाही. म्हणून आज लिहावे म्हटले.

थोडी ओळख आधी करून घेऊ. दक्षिण इटलीत नेपल्स शहराजवळ व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन ७९ मध्ये त्याचा स्फोट झाला आणि पायथ्याचे पॉम्पेई हे नांदते रोमन गाव सच्छिद्र दगड आणि राखेच्या थराखाली गाडले गेले. १७४८ पासून तिथे उत्खनन चालू आहे. गावाचा विस्तार सुमारे ६६ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने १६३ एकर. त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग उघडा झाला आहे. शेतकरी वाचकांनी शंभर एकर उघडे रान डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे 'अर्धा दिवस' या शब्दांचा अर्थ कळेल. चार ठळक ठिकाणे पाहायची म्हटली, तरी पाच-सहा किलोमीटरची पायपीट सहज होते.

आणि ही पायपीट डांबरी रस्त्यावरची नव्हे. रस्ते काळ्या दगडाचे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीतून आला तसाच हाही ज्वालामुखीचाच दगड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या चाकांनी त्यात खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. दोन्ही बाजूंचे पदपथ एस.टी.च्या पायरीएवढे उंच. रस्त्यातून पाणी व घाण वाहत असे, म्हणून पायी जाणाऱ्यांनी पाय न भिजवता पलीकडे जावे यासाठी मध्ये मोठाले दगड ठेवलेले आहेत. सोय मोठी हुशारीची. पण आजच्या गुडघेदुखीच्या माणसाला दर चौकात चढ-उतार करावी लागते. मी स्वतः २०१९ च्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा सकाळी पावसाची सर येऊन गेली होती. ओला काळा दगड शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा निसरडा होतो. माझ्यापुढे चालणाऱ्या दोन धडधाकट तरुणांनी तिथेच बसकण मारली!

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या गावातले एक निवृत्त इतिहास शिक्षक पत्नीसह आले. गुरुजींचे वय ६८, मधुमेहाला चौदा वर्षे झालेली, रक्तदाबाची गोळी चालू. काकूंचे वय ६४, अंगाने थोड्या जड, दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा जर्मनीत. त्याने जुलैअखेरचा बेत केला होता. सकाळी व्हेसुव्हियस चढायचा, दुपारी पॉम्पेई, संध्याकाळी समुद्रकाठचे सोरेंतो. गुरुजी म्हणाले, "हिला हॉटेलातच बसवावं म्हणतो. दगडधोंड्यांत हिचे गुडघे कुठं चालणार?" काकू खाली बघत हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं यांच्या तोंडून त्या गावाचं ऐकतेय. बघायला मात्र मी नको."

मी दोघांना तपासले. काकूंचे हृदय, रक्तदाब, साखर सगळे ठीक. गुडघे दुखत होते, पण हलत होते. स्नायू मात्र ढिले पडले होते. गुरुजींच्या तळव्यांना बारीक नायलॉनचा धागा टेकवून पाहिला, तर डाव्या पायाच्या अंगठ्याखाली त्यांना तो कळतच नव्हता. मधुमेहाने तिथल्या नसा बधिर झालेल्या. म्हणजे घरी बसवायचा बेत काकूंचा चालला होता आणि खरा धोका गुरुजींना होता. दुखणारा गुडघा निदान ओरडून सांगतो. बधिर तळव्याला बुटातला खडा दिवसभर टोचला तरी पत्ता लागत नाही. संध्याकाळी मोजा काढावा तेव्हा रक्त दिसते. परक्या देशात अशी जखम चिघळली तर पुढचा सारा प्रवास इस्पितळात.

दोघांनीही जायचे, पण बेत बदलायचा, असे ठरले. बदलताना ज्या गोष्टी पाहिल्या त्या सर्वांच्याच उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट महिन्याची. "आम्ही बेचाळीस डिग्रीत राहणारी माणसं, तिथल्या तिशी-बत्तिशीचं काय भ्यायचं?" असे पुष्कळजण म्हणतात. अहो, आपण बेचाळीस डिग्रीत दुपारी दार लावून, कूलर लावून झोपतो! पॉम्पेईत छपरे उरलेली नाहीत. झाडे थोडी, सावली त्याहून थोडी, खालून दगड तापलेला, आणि तुम्ही अकरा ते तीन चालत असता. शिवाय जुलै-ऑगस्टात तिथे जगभरची गर्दी लोटते. एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर हे महिने आपल्या वयाला चांगले. ऑक्टोबरात दुपारीही हवा साधारण वीस-बावीस अंशांवर असते. पावसाची शक्यता मात्र धरावी. महिन्याचा पहिला रविवार टाळावा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो आणि फुकटच्या ठिकाणी काय होते ते आपल्याला सांगायला नको. गुरुजींच्या मुलाने तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलली.

दुसरी गोष्ट दाराची. बहुतेक लोक नेपल्सहून सोरेंतोकडे जाणाऱ्या लोकल गाडीने पॉम्पेई स्कावी स्टेशनवर उतरतात आणि समोरच्या पोर्ता मरीना या दाराने आत जातात. हे दार चढावर आहे. ताज्या गुडघ्यांनी पहिल्याच दहा मिनिटांत दमून जायचे असेल तर ते उत्तम! गावाच्या दुसऱ्या टोकाला अँफिथिएटरजवळ वेगळे दार आहे. त्याचे नाव पियाझ्झा अँफितेआत्रो. तिथून सपाटीने आत जाता येते. चाकाच्या खुर्चीवरच्या, काठी टेकणाऱ्या आणि बाबागाडीतल्या मंडळींसाठी सुमारे साडेतीन किलोमीटरची सोपी वाट २०१६ पासून केली आहे, तीही याच बाजूने सुरू होते. नेपल्सहून निघणाऱ्या दुसऱ्या लोकलमार्गावर पॉम्पेई सांतुआरियो हे स्टेशन आहे. त्यावर उतरले की हे दार जवळ पडते. स्टेशनांची नावे सारखी असल्याने घोटाळा होतो, तेव्हा कागदावर लिहून ठेवावीत.

तिकीट आधीच काढावे. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार माणसांचीच मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते. म्हणून पारपत्र जवळ हवे. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत, ती दाराशी ठेवावी लागते. आता गंमत पाहा. औषधे, पाणी आणि खाऊ मोठ्या पिशवीत भरून नेला तर सगळे दाराशीच राहणार! यासाठी लहान पाठपिशवी वेगळी बांधा आणि औषधे तिच्यात ठेवा. एकदा बाहेर पडलात तर त्या तिकिटावर पुन्हा आत येता येत नाही. 'जेवून परत येऊ' हा बेत चालायचा नाही.

व्हेसुव्हियसचा कार्यक्रम मी सरळ कापून टाकला. गाडी बऱ्याच उंचीपर्यंत जाते हे खरे, पण पुढे विवराच्या काठापर्यंत भुसभुशीत खडीची चढण आहे. चढताना दम लागतो तो परवडला. उतरताना शरीराचा सगळा भार वाटीवर येतो आणि झिजलेला गुडघा दोन दिवस सुजतो. पर्वत खालूनही छान दिसतो.

आता पाण्याविषयी, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण त्या सांगत नाहीत, पण आपल्याला ठाऊक आहे: लघवीला कुठे जायचे? सकाळपासून दोन घोट पाण्यावर राहायचे आणि संध्याकाळी डोके दुखते, पायात गोळे येतात, लघवीला आग होते म्हणायचे. काकूंनीही तेच कबूल केले. पॉम्पेईत प्रवेशद्वारांजवळ आणि आत फोरमजवळच्या उपाहारगृहात स्वच्छतागृहे आहेत. आत शिरताच आधी तिथे जाऊन यावे, मग नकाशावर पुढच्या जागेवर खूण करावी. लाज वाटायचे काही कारण नाही. रस्त्यांच्या कडेला दगडी हौद दिसतील. जुन्या गावात असे चाळीसएक सार्वजनिक हौद होते आणि लांबून कालव्याने आणलेले पाणी शिशाच्या नळांतून त्यांत पडत असे. त्यांपैकी काहींना आज नव्या नळाचे पिण्याजोगे पाणी येते. रिकामी बाटली नेली तरी भरता येते. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. जलसंजीवनीची दोन पाकिटे पिशवीत टाका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

गोळ्यांचा आणि उन्हाचा एक संबंध फार कमी लोकांना माहीत असतो. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी जास्त होण्याचे औषध मिसळलेले असते. मधुमेहाची अलीकडची 'ग्लिफ्लोझिन'ने संपणाऱ्या नावांची औषधेही लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. त्यात पाणी कमी प्यालात, उन्हात चाललात आणि गुडघा दुखतो म्हणून रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतलीत, की मूत्रपिंडावर एकदम तिन्ही बाजूंनी घाव बसतो. दुखलेच तर पॅरासिटामॉल बरे. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. जाण्यापूर्वी महिनाभर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता आणि 'उन्हात दिवसभर चालायचे आहे' एवढे सांगा. बदल करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

मधुमेहींसाठी आणखी सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर जास्त चालल्याने आणि जेवण लांबल्याने खाली येते. घरी आपण साडेबाराला ताटावर बसतो. तिथे अडीच वाजेपर्यंत 'एवढे एक घर पाहू' चालू असते. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोके चालेनासे होते, माणूस चिडचिड करतो. आता उन्हातही घाम येतो आणि माणूस चिडतो! दोन्ही सारखेच दिसते, म्हणून सोबतचे म्हणतात, 'उन्हाने झाले असेल, जरा सावलीत बसा.' सावलीत बसून साखर वर येत नाही. संशय आला की यंत्राने बोटावर तपासा. यंत्र हाताशी नसेल तर साखर कमीच आहे असे धरून शुद्धीवरच्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि मग काहीतरी खायला द्या. ७० च्या खाली साखर म्हणजे धोका. चालायला निघतानाच १०० च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका. ११२ ला फोन करा. हा क्रमांक इटलीत सर्व तातडीच्या मदतीसाठी आहे.

खाऊ काय न्यावा? धपाटे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खडीसाखर. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. मायेने केलेले पेढे कचऱ्याच्या डब्यात पडताना पाहवत नाही.

पायांविषयी बोललो, पण बुटांचे राहिले. परदेशी जायचे म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. यासारखा वाईट मुहूर्त नाही. बूट दीड-दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी घ्या कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि रोज वापरून मऊ करा. तळ जाड आणि खरबरीत हवा, बोटांना जागा हवी, मोजे सुती आणि शिवण न टोचणारे. चप्पल, सँडल हॉटेलात ठेवा. मधुमेहींनी मध्यंतरी एकदा बूट काढून झटकावा, हात घालून खडा पाहावा आणि तळवा सोबतीला दाखवावा. चारचौघांत पाय दाखवायचा संकोच गुरुजींना होता. तो त्यांनी सोडला.

काकूंना सहा महिने नव्हे, पण चांगले पाच महिने मिळाले. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम दिला. खुर्चीवर बसून एक पाय समोर ताठ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चालणे वीस मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत नेले. वजन साडेतीन किलो उतरले, गुडघ्याने ते लगेच ओळखले. रबरी टोपणाची काठी घ्यायला त्या तयार नव्हत्या. "म्हातारी दिसेन" म्हणाल्या. मी म्हटले, "काकू, तिथे तुम्हाला ओळखतंय कोण?" सप्टेंबरात दोघांनी नळदुर्गला रंगीत तालीम केली. तेच बूट, तीच पिशवी, तीच काठी, तीन तास किल्ल्यात. वाचकांनी ही तालीम अवश्य करावी. जे किल्ल्यात दुखेल ते तिथेही दुखणार, आणि ते इथे कळलेले बरे. चढावर छातीत आवळल्यासारखे झाले तर सर्टिफिकेटाचा विषय बाजूला ठेवून आधी तपासणी.

कागदपत्रांचे लवकर उरकतो. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. तो घेताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण लपवल्यास ऐनवेळी दावा नाकारतात. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवा. निम्मी स्वतःच्या पिशवीत, निम्मी सोबत्याच्या. नेपल्सच्या लोकलमध्ये गर्दी असते आणि खिसेकापूही. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठून वाया जाते. इटलीचे घड्याळ आपल्या मागे चालते, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. जातानाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस कसा घ्यायचा ते आधीच लिहून घ्यावे.

एवढे सगळे करून पाहायचे तरी काय, असे कोणी विचारील. मी डॉक्टर, त्यामुळे माझी नजर माणसांवर गेली. राखेत गाडलेल्यांची शरीरे कुजून गेली, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी त्यांत प्लास्टर ओतून ती माणसे उभी केली. अँफिथिएटरच्या बाजूला 'पळालेल्यांची बाग' आहे. तिथे तेरा जण पडले आहेत, मोठी आणि लहान मुलेही. बघवत नाही आणि डोळे हलतही नाहीत. २०१५ मध्ये अशा काही ठशांचे सी.टी. स्कॅन केले तेव्हा आत हाडे व दात दिसले आणि दात उत्तम निघाले! आहारात साखर नव्हती आणि ज्वालामुखीच्या पाण्यात फ्लोराइड होते, असे त्याचे कारण दिले गेले. आपल्या काही भागांत बोअरच्या पाण्यातले तेच फ्लोराइड अति झाल्याने दात पिवळे पडतात, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक रुग्ण पाहा. थोरला प्लिनी हा रोमन आरमाराचा प्रमुख आणि मोठा ग्रंथकार. उद्रेकात अडकलेल्यांना सोडवायला जहाजे घेऊन निघाला आणि जवळच्या स्ताबियाला किनाऱ्यावर कोसळला. भाच्याच्या पत्रावरून कळते की तो अंगाने जड होता आणि त्याची श्वासनलिका मुळातच अशक्त, वारंवार सुजणारी. त्याने दोनदा गार पाणी मागितले, दोन सेवकांच्या आधाराने उठला आणि पडला. सोबतचे मात्र वाचले. दमा की हृदय, हे आज सांगणे कठीण. दमेकऱ्यांनी फवारा खिशात ठेवावा, पिशवीत नव्हे, एवढे मी सुचवीन.

गुरुजी-काकूंनी दोन अर्धे दिवस काढले. पहिल्या दिवशी सकाळी नऊला दार उघडताच आत आणि साडेबाराला बाहेर: बाग, अँफिथिएटर, शेजारचे व्यायामाचे भव्य पटांगण. काकू दर वीस मिनिटांनी बसत होत्या, पण सगळीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सरळ हमरस्त्याने फोरमपर्यंत. वाटेत स्ताबियन स्नानगृहे लागतात, जमिनीखाली बुटके खांब उभे करून त्यांतून गरम हवा खेळवलेली. तिथे गुरुजी मुलाला काहीतरी समजावून सांगताना एकाएकी त्याच्यावर खेकसले. मुलगा म्हणाला, "बाबा थकलेत." काकूंनी घड्याळ पाहिले, एक वाजून गेला होता. त्यांनी यंत्र काढले, साखर ६१. ग्लुकोज, मग दोन लाडू. वीस मिनिटांनी गुरुजी पुन्हा स्नानगृहांवर बोलू लागले. हे मला काकूंनी परत आल्यावर सांगितले. गुरुजी तेव्हा खिडकीबाहेर पाहत होते.

ज्यांना एवढेही जमणार नाही, त्यांच्यासाठी हर्क्युलेनियम आहे. त्याच उद्रेकात गाडलेले, पण लहान. उघडा भाग सुमारे साडेचार हेक्टर, दीड-दोन तासांत निवांत होतो. तिथे घरांचे मजले आणि जळून कोळसा झालेले लाकूडही टिकले आहे. सोरेंतोच्या लोकलने एर्कोलानो स्कावी स्टेशनवर उतरायचे. जाताना उतार आहे, येताना तोच चढ. परतीला रिक्षासारखे काही मिळेल या भरवशावर न राहता टॅक्सी सांगून ठेवावी. गुडघ्यांची किंवा हृदयाची तक्रार असलेल्यांना मी पॉम्पेईऐवजी हेच सुचवतो, आणि त्यात काही उणे नाही.

पॉम्पेईनंतरचा दिवस विश्रांतीचा ठेवा. संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात पाहा. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. पाणी किती तापले आहे ते त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी नेपल्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. बसायला जागा आहे, ऊन नाही. पॉम्पेईत 'शल्यवैद्याचे घर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात सापडलेले चिमटे, सळ्या, स्त्रियांच्या तपासणीचे स्क्रूचे उपकरण तिथे आहे. ते पाहून मी थक्क झालो. आमच्या दवाखान्यातले त्याहून फार वेगळे नाही. तिथेच हस्तिदंताची वीतभर उंचीची एक भारतीय स्त्रीमूर्ती आहे. ती १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि जालन्याकडे भोकरदनला मिळाल्या आहेत. तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. ती आधी पाहून घ्या, म्हणजे नेपल्सला ओळख पटेल. नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेव्हा पॉम्पेईचा दिवस सोमवारी धरू नका.